मावशीची बर्पी

शिट्टीसरांचं खरं नाव काय, असं त्यांच्या जिममध्ये कुणी विचारलं तर निम्मे लोक विचारात पडतात आणि उरलेल्या निम्म्यांना उत्तर देण्याइतका श्वास उरलेला नसतो. पूर्वी ते शाळेत पीटी शिकवायचे. गळ्यात शिट्टी असायची आणि ती इतकी वाजायची, की पोरांनी माणसाचं नाव बाजूला ठेवून शिट्टीलाच 'सर' म्हणायला सुरुवात केली. पुढे शाळा सुटली, नाव तेवढं चिकटून राहिलं. शिट्टी मात्र जिम उघडल्यावर पहिल्याच आठवड्यात बंद झाली, कारण वरच्या मजल्यावर दातांचा दवाखाना होता. सरांनी सवयीने अशी काही शिट्टी फुंकली, की वर तोंड उघडून बसलेल्या एका गृहस्थांनी दचकून ते मिटलं. मध्ये डॉक्टरांचं बोट होतं.

डॉक्टर ते बोट वर धरूनच जिना उतरून भांडायला आले. सरांनी मान खाली घालून सगळं ऐकून घेतलं आणि शेवटी हळूच विचारलं, "डॉक्टर, दिवसभर वाकून काम करता ना? डावीकडे मान वळवताना कळ येते का हो?"

कळ येतच होती. दुसऱ्या दिवसापासून डॉक्टर संध्याकाळच्या बॅचला यायला लागले.

जिमची जागा म्हणजे पूर्वीचं टायरचं गोदाम. लांबलचक खोली, उंच छत, लोखंडी शटर. टायर गेले, वास राहिला. भिंतीवर आरसा नाही, त्यामुळे दंड फुगवून स्वतःकडे बघत उभं राहायची सोय नाही. इथला व्यायाम म्हणजे थोडक्या वेळात जीव अर्धा करणारा: ओझं उचला, डोक्यावर न्या, पेटीवर उडी मारा, दोरीला लटका, जमिनीवर पालथे पडा आणि उठा. या शेवटच्या प्रकाराला बर्पी म्हणतात. खाली पडून छाती जमिनीला टेकवायची, पुन्हा उभं राहायचं, वर एक उडी मारायची आणि लगेच परत पडायचं. बर्पीचा शोध कुणी लावला हे सरांच्या जिममध्ये कुणाला माहीत नाही, पण तो माणूस सापडला तर त्याचं काय करायचं हे सगळ्यांचं ठरलेलं आहे.

सरांची ख्याती मात्र व्यायामाबद्दल नाही, मापाबद्दल आहे. "कापड एकच, माप ज्याचं त्याचं," असं ते म्हणतात. फळ्यावर रोज एकच व्यायाम लिहिलेला असतो. पार्सलं पोचवणारा एक पोरगेला तरुण तिथे येतो, त्याला सगळे इंजिन म्हणतात. तो कमरेएवढ्या पेटीवर उडी मारतो. डॉक्टर गुडघ्याएवढ्या पेटीवर पाय टाकून चढतात. वकीलबाई भिंतीला हात लावून नुसत्या पायरीवर चढतात, आणि चढता चढता वादही घालतात. पण घंटा एकदमच होते, सगळे एकदमच थांबतात, आणि थांबतात तेव्हा तिघांच्याही जिभा सारख्याच बाहेर आलेल्या असतात. नसल्या तर माप चुकलं.

"म्हणजे मला सोपं दिलंय," एकदा वकीलबाई म्हणाल्या.

"सोपं नाही. काम तेच आहे."

"मग फरक काय? सिद्ध करा."

"बोलताय अजून, म्हणजे माप कमी पडलंय," सर म्हणाले आणि त्यांच्या हातात दोन वजनं दिली. खटला निकालात निघाला.

हे शहाणपण सरांना काही आभाळातून मिळालेलं नव्हतं. सुरुवातीला ते फळ्यावर तीन रकाने करायचे: पहिला, दुसरा, तिसरा. झालं असं, की यच्चयावत माणसं पहिल्या रकान्याखाली येऊन उभी राहिली. दुसऱ्यात उभं राहणं म्हणजे परीक्षेत दुसरं येणं, आणि तिसऱ्यात म्हणजे तर घरी तोंड कसं दाखवायचं! डॉक्टरांनीही पहिल्या रकान्यातलं वजन डोक्यावर नेलं. दुसऱ्या दिवशी त्यांचा हात खांद्याच्या वर जाईना. आठवडाभर ते पेशंटना सांगत होते, "आज फक्त खालचे दात बघतो. वरच्यांचं पुढच्या सोमवारी." तेव्हापासून सरांनी रकाने पुसले. आता ते प्रत्येकाच्या जवळ जाऊन कानात सांगतात. शेजारच्याला काय दिलंय ते कळत नाही, त्यामुळे अब्रूही जात नाही आणि खांदाही.

असा हा मापातला माणूस. त्याची आपल्याच मावशीच्या बाबतीत मापात चूक झाली.

मावशी म्हणजे सरांच्या आईची धाकटी बहीण. आई कामावर जायची तेव्हा सरांना हिनेच वाढवलं. पुढे स्वतः टेलिफोन एक्स्चेंजमध्ये नोकरी केली, त्यामुळे आवाज असा, की पलीकडच्या गावात फोनशिवायही ऐकू जावा. आता पंच्याहत्तरी ओलांडलेली. काका जाऊनही बरीच वर्षं झाली. एका जुन्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्या आणि पाठीमागे एक चिमुकली गॅलरी, एवढं तिचं राज्य. त्या राज्यात एके दिवशी सकाळी साबणाच्या पाण्यावरून पाय घसरला आणि मावशी स्वयंपाकघरात आडवी झाली.

मोडलं काही नाही. पण उठता येईना. मावशी पडली भांडी घासायच्या वेळेला, आणि शेजारीण आली तेव्हा दुपार झाली होती.

"छताला एवढे डाग आहेत हे मला आत्ता कळलं," मावशी सगळ्यांना हसून सांगत होती. "एक तर अगदी उंटासारखा आहे."

तिची मुलगी फोनवर हसली नाही. मुलगी दुसऱ्या शहरात, मोठ्या ऑफिसात मोठ्या पदावर. "आई," ती म्हणाली, "महिनाअखेरीला मी येतेय. जमिनीवरून एकटीने उठून दाखवलंस तर ठीक. नाहीतर सामान बांधायचं आणि माझ्याकडे यायचं. कायमचं."

दुसऱ्याच दिवशी मावशी जिमच्या शटरात हजर. हातात पर्स, पायात नवे बूट.

"अरे टोणग्या," अख्ख्या बॅचसमोर तिने सरांना हाक मारली. इंजिनाने हसू दाबायला तोंडात टॉवेल कोंबला. "मला उठायला शिकव."

"लेकीकडे काय वाईट आहे, मावशी? खोली आहे, माणसं आहेत."

"वाईट काहीच नाही. पाण्याचा पेलासुद्धा हातात आणून देतात. चार दिवस राहिले की मला म्हातारं झाल्यासारखं वाटतं."

"तू आहेसच म्हातारी."

"हो, पण माझ्या घरी ते कळत नाही."

हाडांच्या डॉक्टरांनी परवानगी दिली, "डावा गुडघा जरा जपून" एवढीच अट घातली, आणि मावशी जिममध्ये दाखल झाली. सरांनी तिच्यासाठी पाठ असलेली खुर्ची आणली, खुर्चीवर उशी ठेवली, पंखा तिच्या दिशेने वळवला आणि तिच्या दोन्ही हातांत पाण्याच्या दोन छोट्या बाटल्या दिल्या. बसल्या बसल्या त्या वर न्यायच्या, खाली आणायच्या. बाजूला इंजिन धाड धाड जमिनीवर पडून उठत होता, डॉक्टर कण्हत होते, आणि मधोमध मावशी राणीसारखी बसून बाटल्या हलवत होती. पहिला आठवडा असाच गेला. दुसऱ्या आठवड्यात सरांनी बाटल्या जरा मोठ्या आणल्या. त्यांना वाटलं, प्रगती छान आहे.

मावशीला तसं वाटत नव्हतं. एका संध्याकाळी बर्पी चालू असताना तिने बाटलीचं झाकण उघडलं, पाणी पिऊन टाकलं आणि बाटली खाली ठेवली.

"हे काय करतात ते?"

"बर्पी."

"पडतात आणि उठतात."

"हो."

"मग मी काय मागायला आले होते रे?"

"मावशी, ते तुझ्यासाठी नाही. तो जोरकस प्रकार आहे, तरुण पोरांचा."

"तरुण पोरांना कशाला हवाय? हे इंजिन पडलं तर उचलायला दहा जण धावतील. आणि दहा जण येईपर्यंत ते आपलं आपण उठून पार्सल पोचवूनही येईल. उठायची गरज आहे ती मला. आणि मला तू बाटल्या देतोयस!"

घंटा वाजली. सगळे जमिनीवर पसरले होते. शांततेत नुसते श्वास ऐकू येत होते. डॉक्टर पडल्या पडल्याच म्हणाले, "सर, तुम्ही आम्हाला मोजता. मावशींना नुसतं जपता."

"आणि त्यांची जीभ एकदाही बाहेर आलेली नाही," वकीलबाईंनी पुरावा जोडला.

सरांनी खाली ठेवलेली बाटली उचलली. खरं तर मावशीकडे बघितलं की त्यांना मावशी दिसायचीच नाही, उंटाचा डाग बघत पडलेली मावशी दिसायची. त्या दिवसापासून तिला जमिनीच्या जवळपासही न्यायला त्यांचा जीव धजत नव्हता. बाटल्या तिच्या हातात होत्या, पण भीती सरांच्या पोटात होती, आणि माप त्यांनी त्या भीतीचं घेतलं होतं. महिन्याचे दोन आठवडे त्यात गेले होते.

दुसऱ्या दिवशी खुर्ची गेली आणि गाद्या आल्या. व्यायामाच्या जाड गाद्या एकावर एक रचून सरांनी पलंगाएवढा ढीग केला. मावशीने त्यावर पालथं व्हायचं, कुशीवर वळायचं, पाय खाली सोडायचे, उभं राहायचं. उडी नाही. उडीच्या जागी दोन्ही हात वर.

"हे तर मी रोज सकाळी करते," मावशी म्हणाली.

"मग कर की."

तिने केलं. पुन्हा केलं. घंटा होईपर्यंत करत राहिली. घंटा झाली तेव्हा मावशी ढिगाच्या काठावर बसली होती, अंबाडा सुटला होता, आणि जीभ, वकीलबाईंच्या नोंदीप्रमाणे, स्पष्टपणे बाहेर होती.

मग गाद्या एकेक करून कमी होऊ लागल्या. गादी काढायचं काम इंजिनाकडे होतं. तो गादी ओढायला लागला की मावशी त्याच्याकडे अशी बघायची, जणू तो तिच्या घरातली भिंत काढून नेतोय. "पुन्हा आण ती!" असं दोनदा ओरडली आणि दोन्ही वेळा गादी परत आली, कारण सरांचं म्हणणं, माप पुढेच जातं असं कुणी सांगितलं? बरं नसलं की मागेही यावं. डावा गुडघा टेकवता येत नव्हता, म्हणून उजव्या कुशीवरून उठायचं ठरलं. बर्पी सगळ्यांची एकदमच चालायची. इंजिन ढिगाने मारायचा, मावशीची एखाददुसरी व्हायची, आणि शेवटी दोघंही भिंतीला टेकून एकमेकांना पाणी द्यायची.

महिना संपत आला तेव्हा खाली एकही गादी उरली नव्हती. मावशी उघड्या जमिनीवर आडवी झाली, कुशीवर वळली, शेजारच्या लाकडी पेटीवर हात रोवला आणि उठली. टाळ्यांनी गोदाम दणाणलं. वरून दवाखान्यातल्या बाईंनी पाय आपटून "हळू!" म्हटलं, तर डॉक्टरांनीच वर तोंड करून सांगितलं, "आज राहू दे!"

टाळ्या ओसरल्यावर वकीलबाईंनी घसा साफ केला. "एक प्रश्न. मावशी घरी पडल्या, तर ही पेटी तिथे असेल का?"

सरांना वकिलांचा राग येतो तो अशा प्रश्नांमुळेच.

दुसऱ्या दिवशी सकाळी सर मावशीच्या घरी गेले, स्वयंपाकघराच्या मधोमध उभे राहिले आणि चक्क फरशीवर आडवे झाले. पडलेल्या माणसाला काय दिसतं ते त्यांना बघायचं होतं. टेबल दिसलं, स्टूल दिसलं, ओट्याची खालची बाजू दिसली. स्टुलाला हात लावला, ते सरकलं. टेबलाचा पाय धरला, टेबल त्यांच्याकडेच झुकलं आणि वरची साखर अंगावर सांडली. ओटा आभाळाएवढ्या उंचीवर.

"खाली गेलाच आहेस तर फ्रिजखाली माझ्या चमच्यांच्या डब्याचं झाकण गेलंय, तेवढं काढ," मावशी वरून म्हणाली.

सरांनी झाकण काढलं. झाकण काढायला मान वळवली तेव्हा त्यांना गॅलरीचं दार दिसलं. दाराला दणकट लाकडी चौकट आणि खाली एक ठेंगणी पायरी.

"मावशी, या पायरीपर्यंत बसून सरकत गेलीस, पायरीवर बसलीस आणि चौकट धरलीस, तर?"

मावशी टेबलावर उरलेली साखर उगाचच बोटाने गोळा करत राहिली.

"त्या दिवशी मी निघाले होते तिकडे," ती म्हणाली. "थोडी सरकलेसुद्धा."

"मग थांबलीस का?"

"बरं दिसेना रे. लहान मुलासारखं बुडावर सरकत जायचं म्हणजे..."

"अगं, पण बघत कोण होतं? घरात एकटीच होतीस ना?"

"मी होते ना."

साखरेत लोळलेल्या सरांना हसू आवरेना. फळ्यावरचा पहिला रकाना या बाईने आपल्या स्वयंपाकघरातसुद्धा आखून ठेवला होता! अर्धा दिवस छताकडे बघत पडायची तयारी होती, पण तिसऱ्या रकान्यात जायची नव्हती.

"सरक," सर म्हणाले. "मी पण सरकतो."

आणि मग मावशी-भाचे दोघंही त्या स्वयंपाकघरात बुडावर बसून गॅलरीच्या दिशेने निघाली. शेजारीण साखर परत करायला आली होती, ती दारातच थबकली. "काही हरवलंय का?" तिने विचारलं. "सापडलं," मावशी म्हणाली आणि पुढे सरकली.

मुलगी ठरल्या दिवशी आली. जिममधली प्रगती तिच्या कानावर होतीच, पण तिने सरांना दारातच सांगितलं, "दादा, तिथे पंधरा माणसं टाळ्या वाजवतात, पेट्या असतात, गाद्या असतात. मला तसलं काही नको. ती इथे एकटी असते. इथे, एकटीने."

"तेच म्हणतेय मी," मावशी म्हणाली. तिने दोघांना स्वयंपाकघराच्या बाहेर घालवलं आणि दार आतून लोटून घेतलं.

बाहेर दादा आणि बहीण दाराला कान लावून उभे. आत चप्पल काढल्याचा आवाज आला. मग फरशीवर काहीतरी टेकल्याचा. मग काहीच नाही.

मग धाडकन मोठा आवाज झाला.

"मी नाही, डबा पडला!" आतून आवाज आला.

पुन्हा शांतता. ती वाढत गेली. मुलीने सरांकडे बघितलं. सरांचा हात कडीवर गेला होता. अख्ख्या जिमला दम धरायला शिकवणाऱ्या माणसाचा स्वतःचा दम आता सुटत चालला होता. आत कुणीतरी जोराने श्वास घेत होतं. एकदा "हाय रे" ऐकू आलं, आणि मग बराच वेळ तेही नाही.

"आई?" मुलगी म्हणाली. "आई, येऊ का?"

"लाईनवर राहा!" मावशी आतून कडाडली. तीस वर्षं एक्स्चेंजमध्ये काढलेला आवाज. दोघंही जागच्या जागी थिजली. सरांनी कडीवरचा हात काढला आणि खात्री असावी म्हणून तो पाठीमागे दुसऱ्या हाताने धरून ठेवला.

आत काहीतरी घासत गेलं. थांबलं. पुन्हा घासत गेलं. लाकूड करकरलं.

दार उघडलं. मावशी उभी होती. केस विस्कटलेले, चष्मा एका कानावरून निसटलेला, साडीला मागून अख्ख्या फरशीची धूळ. मुलीने तिच्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं, आणि बघता बघता तिचे डोळे भरून आले, पण अधिकारी बाई, ते लगेच आवरून म्हणाली, "कशी उठलीस ते मला सांग. नीट, पहिल्यापासून."

"सांगून कळत नाही. झोप खाली."

"मी?"

"मग काय शेजारणीला बोलावू? झोप."

मुलगी हसतच खाली आडवी झाली. "यात काय," म्हणून उठायला गेली आणि अर्ध्यावर थांबली. दिवसभर खुर्चीत बसणाऱ्या कमरेने साफ नकार दिला. तिने टेबलाकडे हात टाकला, टेबल झुकलं. तिने स्टूल धरलं, स्टूल निघालं. परत आडवी झाली.

"आई, छताला खरंच उंट आहे गं."

"बघ, मी थापा मारते का?"

थोडा वेळ मुलगी त्या उंटाकडे बघत पडून राहिली. "बरं," ती शेवटी खालूनच म्हणाली. "राहा तू इथेच. पण रोज सकाळी फोन करायचा. आणि साबणाचं पाणी दिसलं की आधी पुसायचं. कबूल?"

"कबूल."

"मग आता मला उठव."

सर लगबगीने पुढे झाले. मावशीने त्यांच्या हातावर चापट मारली. "तू मध्ये पडू नकोस, टोणग्या. तिच्या गुडघ्यांना काही झालेलं नाही." मग ती पायरीवर बसली, चष्मा नीट केला आणि लेकीला सांगू लागली, "घाई करू नकोस. आधी कुशीवर हो. हां. श्वास घे. आता हात रोव. तसा नाही, पसरून. बरं दिसतंय का नाही त्याचा विचार करू नकोस, सरक."

सरांना तिथे काही काम उरलं नव्हतं. त्यांनी गॅस पेटवला आणि चहाचं आधण ठेवलं, जरा बेताच्याच आचेवर. बहिणीला अजून वेळ लागणार होता.